मेरी थार्प आणि सागरतळाचा नकाशा

स्त्रियांना संशोधन-जहाजावर मज्जाव असल्यामुळे कोलंबिया विद्यापीठाच्या लॅमाँट वेधशाळेतील मेरी थार्प यांना सागरतळाचा नकाशा जमिनीवर बसूनच, सहकारी ब्रूस हीझन आदींनी जमवलेल्या प्रतिध्वनी-नोंदींवरून, म्हणजे तळावर आदळून परतणाऱ्या ध्वनीला लागलेल्या वेळेतून निघालेल्या खोलीच्या आकड्यांवरून, रेखाटावा लागला. उत्तर अटलांटिकचे छेद एकाखाली एक मांडताना १९५२च्या सुमारास त्यांना मध्यवर्ती पर्वतरांगेच्या माथ्यावर सलग खचदरी, म्हणजे भूकवच ताणले जाऊन खचलेला लांबट पट्टा, आढळली. हीझन यांनी ती प्रथम बायकी बडबड म्हणून झिडकारली, परंतु भूकंपकेंद्रांचा नकाशा तिच्याशी ताडून पाहिला असता केंद्रे त्याच दरीच्या रेषेत पडली. भूखंडे सरकतात या विचाराला हा भक्कम आधार मिळाला, तरी नंतरच्या प्रमुख शोधनिबंधांवर थार्प यांचे नाव आले नाही, हा उघड अन्यायच होय. दोघांच्या अभ्यासावरून हाइन्रिश बेरान यांनी रंगवलेला जगाच्या सागरतळाचा नकाशा १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला.