कारखान्यात हृदय थांबते तेव्हा

हृदय अचानक बंद पडले की मेंदूचा रक्तपुरवठा तुटतो आणि साधारण चार ते सहा मिनिटांत मेंदूच्या पेशी मरू लागतात. उपचाराविना जाणाऱ्या प्रत्येक मिनिटाला वाचण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते. शिरोली एमआयडीसीतून १०८ला फोन लगेच लागला, तरी कोल्हापूरकडून येणाऱ्या रुग्णवाहिकेला पंचगंगेचा पूल आणि महामार्गाची गर्दी पार करावी लागते. ऑगस्ट २०१९च्या महापुरात तर शिरोलीजवळ हा महामार्ग कित्येक दिवस बंद होता. अशा वेळी जीव वाचवणे शेजारच्या मशीनवरच्या कामगाराच्याच हातात असते.

छातीवर दाब देण्याचे तंत्र, म्हणजे सीपीआर, कामगारांच्या मृत्यूंचा शोध घेतानाच सापडले. वीज कंपन्यांचे लाइनमन शॉक लागून दगावत, म्हणून अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात विद्युत अभियंते विल्यम कौवेनहोवन यांनी विजेचा हृदयावरील परिणाम अभ्यासायला घेतला. पुढे गाय निकरबॉकर यांच्या लक्षात आले की, प्रयोगातील कुत्र्याच्या छातीवर विजेचा झटका देणाऱ्या यंत्राच्या चकत्या नुसत्या दाबल्या तरी रक्तदाब वाढतो. शल्यचिकित्सक जेम्स ज्यूड यांच्यासह या तिघांनी १९६० साली हे निष्कर्ष प्रसिद्ध केले.

फाउंड्रीत शॉकचा धोका रोजचाच आहे: फर्नेसच्या जाड केबली, वेल्डिंग, पावसाळ्यात ओली झालेली फरशी. कामगार वायरला चिकटलेला असेल तर आधी मेन स्विच बंद करावा, मगच त्याला हात लावावा. टाकीत किंवा खड्ड्यात कोणी बेशुद्ध पडला असेल तर आत विषारी वायू असू शकतो. मागोमाग उडी घेणारा दुसरा बळी ठरतो.

पडलेल्याचे खांदे थोपटून मोठ्याने हाक मारावी आणि दहा सेकंदांच्या आत छातीची हालचाल पाहावी. इथे बहुतेकांची फसगत होते. हृदय थांबल्यावरही माणूस काही वेळ आचके देतो, घशातून घरघर येते आणि ‘श्वास चालू आहे’ म्हणत भोवतालचे थांबतात. आचके म्हणजे श्वास नव्हे. चप्पल किंवा कांदा हुंगवणे आणि तोंडात पाणी ओतणे यात मोलाची मिनिटे वाया जातात, शिवाय पाणी श्वासनलिकेत जाऊ शकते.

हाकेला प्रतिसाद नसेल आणि नीट श्वास दिसत नसेल तर एकाने १०८ किंवा ११२ला फोन करावा, दुसऱ्याने दाब सुरू करावा. रुग्णाला कठीण जमिनीवर उताणे ठेवून छातीच्या मधोमध, हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर, तळहाताचा मनगटाकडचा भाग टेकवावा आणि त्यावर दुसरा हात ठेवावा. कोपर ताठ, खांदे बरोबर हातांच्या वर. प्रौढ माणसाची छाती ५ ते ६ सेंटिमीटर खाली जायला हवी, वेग मिनिटाला १०० ते १२०. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यावी, कारण त्याच क्षणी हृदयात रक्त भरते. बरगडी मोडल्याचा आवाज आला तरी थांबू नये, बरगडी जुळते. दाब देणारा लवकर दमतो, म्हणून दर दोन मिनिटांनी माणूस बदलावा.

प्रशिक्षण नसलेल्याने फक्त दाब देत राहावे. बुडालेल्या किंवा वायूने गुदमरलेल्या माणसाला मात्र श्वासांची फार गरज असते. शिकलेल्याने ३० दाबांमागे २ श्वास द्यावेत. विजेचा झटका देणारे एईडी यंत्र हाताशी असेल तर ते लगेच लावावे. पुढे काय करायचे हे यंत्र स्वतः बोलून सांगते.

२०२५पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम, १९४८च्या कलम ४५नुसार दर १५० कामगारांमागे किमान एक प्रथमोपचार पेटी असावी लागे आणि ती प्रथमोपचाराचे मान्यताप्राप्त प्रमाणपत्र असलेल्या व्यक्तीच्या ताब्यात असावी लागे. ही व्यक्ती कामाच्या सर्व वेळेत हजर असणे आवश्यक होते, म्हणजे रात्रपाळीतही. कंत्राटी आणि परप्रांतीय कामगारांना प्रशिक्षणातून वगळून चालणार नाही, त्यांना हिंदीतून शिकवावे. महामार्गावरील अपघातात मदत करणाऱ्यालाही भीतीचे कारण नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली आलेल्या कलम १३४अ मुळे सद्भावनेने मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही.

सेंट जॉन ॲम्ब्युलन्स आणि रेडक्रॉस या संस्था असे प्रशिक्षण देतात. व्हिडिओ पाहून दाबाची खोली कळत नाही, त्यासाठी पुतळ्यावर हात चालवावा लागतो. सराव नसेल तर काही महिन्यांतच हे कौशल्य हातून निसटते, म्हणून सुरक्षा सप्ताहाखेरीज वर्षभरात आणखी एकदा तरी पाळीवार उजळणी ठेवावी.