भट्टीचं तापमान आणि दोन तारा

शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत हीट तयार झाली, की फर्नेसमन स्लॅग बाजूला सारतो आणि लांब दांड्याला पुठ्ठ्याच्या नळीतली टिप लावून वितळलेल्या लोखंडात बुडवतो. चार-पाच सेकंदांत आकडा येतो, समजा १४२०. टिप जळून जाते. तिचं काम तेवढंच. लोखंड थंड पडलं असेल तर साचा नीट भरायच्या आत गोठतं आणि कास्टिंगवर कोल्ड शटची रेघ उमटते. फाजील तापवलं तर वाळू भाजून कास्टिंगला चिकटते, विजेचं बिल वाढतं ते वेगळंच.

त्या टिपेत क्वार्ट्झच्या बारीक नळीत दोन तारा असतात. एक प्लॅटिनमची, दुसरी प्लॅटिनम-ऱ्होडियमची, टोकाशी जोडलेल्या. हाच थर्मोकपल. वेगळ्या धातूंचा जोड तापवला की मंडलात वीज खेळते, याचा परिणाम शास्त्रज्ञ सीबेक यांना १८२१ मध्ये दिसला. जवळची चुंबकसुई हलली, म्हणून त्यांना ती चुंबकत्वाचीच करामत वाटली! हीट ट्रीटमेंटच्या भट्टीत बहुधा के टाइपचा थर्मोकपल असतो. त्यात अंशाला जेमतेम ४१ मायक्रोव्होल्ट मिळतात. पण ते मोजता येतात, आणि मीटर धगीपासून लांब ठेवता येतो.

आता कामाचं ऐका. थर्मोकपलला कळतो तो फक्त तापलेल्या आणि थंड टोकांमधला फरक. थंड टोकाचं तापमान मीटर आपल्या टर्मिनलपाशी मोजतो आणि त्यात मिळवतो. भट्टीवरच्या थर्मोकपलच्या हेडपासून मीटरपर्यंत तुम्ही साधी तांब्याची वायर ओढलीत, हेड ६० अंशांवर आणि मीटर ३० अंशांवर असला, तर आकडा सुमारे ३० अंशांनी कमी येणार. कंट्रोलर बिचारा त्यावर विश्वास ठेवून भट्टी आणखी तापवणार. म्हणून के टाइपला के टाइपचीच केबल लावा, चार पैसे जास्त गेले तरी.

हीच केबल दोन्ही टोकांना उलटी जोडली तर चूक दुप्पट होते. आणि ती उलटी जोडली जाते, कारण आपला वायरमन लाल म्हणजे प्लस धरून चालतो. अमेरिकन रंगपद्धतीच्या केबलमध्ये लाल तार मायनस असते. रंगाबद्दल शंका आली तर थर्मोकपलच्या तारांना छोटा चुंबक लावून बघा. के टाइपमध्ये जी तार चुंबकाला ओढली जाते, ती मायनस.