धर्म बदलला, दाखल्यावर काय लिहावे?

(नांदेड व लातूर जिल्ह्यांतील नवदीक्षित कुटुंबांपुढे नांदेड येथे केलेले भाषण)



नवदीक्षित कुटुंबांतील माणसे माझ्याकडे येतात ती बहुधा एकच शंका घेऊन. "वकीलसाहेब, आम्ही जात टाकली, आता मुलीच्या दाखल्यावर ती पुन्हा लिहावी काय? आणि न लिहिली तर सवलत जाईल काय?" बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाच्या मनाला हा प्रश्न डाचणारच. त्याचे उत्तर समजण्यासाठी थोडा मागचा इतिहास ठाऊक असावा लागतो.

राष्ट्रपतींच्या १९५० च्या आदेशाप्रमाणे हिंदू धर्म मानणाराच सामान्यतः अनुसूचित जातीचा समजला जाई. १९५६ साली त्यात शिखांची भर पडली. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला पूज्य बाबासाहेब नागपुरास लाखो अनुयायांसह बुद्धाला शरण गेले, आणि कायद्याच्या दृष्टीने ते सारे अनुयायी या यादीबाहेर पडले. वस्ती तीच, पाणवठ्यावरची वागणूक तीच. हक्क मात्र गेले! १९६२ साली राखीव जागेवरून विधानसभेत निवडून आलेले डी. पी. मेश्राम यांनी बौद्ध धर्म स्वीकारला होता, एवढ्याच कारणावरून त्यांची निवड सर्वोच्च न्यायालयात रद्द ठरली. १९६० साली महाराष्ट्र राज्य झाल्यावर राज्यापुरत्या सवलती बौद्धांना मिळाल्या. केंद्राने तो आदेश दुरुस्त केला तो १९९० साली. मधली चौतीस वर्षे एका पिढीने भरपाईवाचून सोसली.

आज बौद्ध झाल्याने अनुसूचित जातीचा हक्क जात नाही. परंतु यादीत नावे आहेत ती जातींची. 'बौद्ध' हे त्या यादीतील नाव नव्हे. म्हणून धर्माच्या रकान्यात निःसंकोच 'बौद्ध' लिहावे, आणि जातीच्या दाखल्यासाठी धर्मांतरापूर्वीची जात, मग ती महार असो वा मांग, स्पष्ट सांगावी. याने प्रतिज्ञा मोडते असे मला वाटत नाही. ज्या जखमेची भरपाई मागावयाची, तिचे नाव अर्जात लिहावेच लागते. राज्यात धर्मांतरित बौद्धांसाठी दाखल्याचा स्वतंत्र नमुना आहे. केंद्राच्या नोकरीसाठी केंद्राचा नमुना वेगळा मागावा लागतो. पुष्कळ मुले येथेच अडतात. यादीतील जात नसलेल्या कुटुंबाने दीक्षा घेतली तर मात्र ते अनुसूचित जातीचे होत नाही. तशी आशा कोणी दाखवील तर ती खोटी समजावी.

दाखला उपविभागीय अधिकारी देतात, आणि त्याची पडताळणी जिल्ह्याची समिती करते. पुरावा लागतो तो १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, आणि आपल्या मराठवाड्याची खरी अडचण ती ही. त्या वेळी हा मुलूख हैदराबाद राज्यात होता. लातूर हा स्वतंत्र जिल्हाही नव्हता, तो १९८२ साली उस्मानाबादेतून निघाला. निजामी अमलातील जुनी दप्तरे पुष्कळदा उर्दूत आहेत. तेव्हा आजोबा-पणजोबांच्या नावाचा शाळेतील प्रवेश-निर्गम उतारा, गावची जन्ममृत्यूची नोंद, जमिनीचे जुने कागद शोधा. उर्दू कागदाचे प्रमाणित भाषांतर करून घ्या. पुण्या-मुंबईस राहणाऱ्यांनीही दाखला वडिलोपार्जित गावच्या जिल्ह्यातूनच मागावा. वडील, चुलते किंवा भाऊ यांचे वैधता प्रमाणपत्र असेल तर ते प्रथम जोडा. लातूरकडील एका मुलीच्या शाळेच्या नोंदीत नुसते 'बौद्ध' होते. पणजोबांच्या एका उताऱ्याने तिचा प्रवेश वाचला. जुन्या नोंदीत मात्र खाडाखोड करू नका. श्रद्धेपोटी केलेली खाडाखोडही समितीला बनावटच दिसते.

हा कागद केवळ शिष्यवृत्तीसाठी नाही. १९७८ च्या नामांतराच्या दंगलीत याच नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीचे पोचीराम कांबळे मारले गेले, तेव्हा अत्याचार प्रतिबंधक कायदा नव्हता. तो १९८९ साली झाला. तो लावावयाचा तर पीडित व्यक्ती अनुसूचित जातीची आहे हे दाखवावे लागते. बौद्ध धर्म त्याच्या आड येत नाही. २०१८ च्या दुरुस्तीनंतर फिर्याद नोंदण्यापूर्वी प्राथमिक चौकशीची अट घालता येत नाही. फिर्याद तुम्हांला वाचून दाखविली पाहिजे आणि तिची प्रत विनामूल्य दिली पाहिजे. तपास पोलीस उपअधीक्षकाच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने करावयाचा असतो. अनुसूचित जातीचा नसलेला लोकसेवक यात जाणूनबुजून कसूर करील तर तोही त्याच कायद्याच्या कलम ४ खाली गुन्हेगार ठरू शकतो. ठाण्यातून हात हलवीत परत येऊ नका. लेखी अर्ज पोलीस अधीक्षकांकडे पाठवा आणि पोच जपून ठेवा.

वकिलाच्या पैशाची भीती पुष्कळांना वाटते. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे अनुसूचित जातीच्या माणसाला आणि कोणत्याही स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, वकील विनामूल्य मिळतो. नांदेड आणि लातूर या दोन्ही ठिकाणी जिल्हा न्यायालयात त्याचे कार्यालय आहे. तेथे जाताना जातीचा दाखला आणि प्रकरणाचे कागद बरोबर न्यावेत. ज्यांनी आज कागद आणले आहेत, त्यांनी सभा संपल्यावर थांबावे. मी ते येथेच पाहून देतो.