नक्कल आणि तिचे कष्ट



मोठ्या तंत्रज्ञान कंपन्यांचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, ‘यांनी स्वतःचं असं काय केलं? सगळं दुसऱ्याचं उचललेलं.’ उचललेलं आहे हे खरंच आहे. पण उचलण्या-उचलण्यात फरक असतो, आणि तो ओळखता आला पाहिजे. त्यासाठी दोन प्रसंग जरा जवळून पाहू.

पहिला प्रसंग १९७९ च्या डिसेंबरातला. कॅलिफोर्नियात पालो आल्टो इथं झेरॉक्स कंपनीची ‘पार्क’ नावाची संशोधन संस्था होती. तिथल्या मंडळींनी १९७३ मध्येच ‘आल्टो’ हा संगणक बनवला होता. पडद्यावर चित्रं, एकावर एक चौकटी, हाताशी माऊस. आपण ज्याला नुसतं झेरॉक्स मशिन म्हणतो त्याच्या धंद्यात गुंतलेल्या वरिष्ठांनी हा संगणक सर्वसामान्य बाजारात कधी आणलाच नाही. ॲपलनं झेरॉक्सला आपले एक लाख शेअर दहा लाख डॉलरना घेऊ दिले आणि त्या व्यवहारात स्टीव्ह जॉब्स आणि त्यांच्या माणसांना पार्कमध्ये हे सगळं पाहायला मिळालं. तेव्हा याला चोरी म्हणणारे एक विसरतात, की दार घरमालकानंच उघडलं होतं.

पाहायला गेलेल्यांत बिल ॲटकिन्सन नावाचे प्रोग्रामर होते. एक चौकट दुसरीवर सरकली की खालच्या चौकटीचा जेवढा भाग उघडा राहतो तेवढाच आपोआप नव्यानं रंगतो, असं आपण तिथं पाहिलं, अशी त्यांची पक्की समजूत झाली. परतल्यावर तेच करून दाखवायला ते बसले. वाटतं तितकं ते सोपं नाही. झाकल्यानंतर उरणारा आकार कधी काटकोनी, कधी मधोमध भोक पडलेला, तर कधी दोन तुकड्यांत विभागलेला. असा वाटेल तो आकार त्या काळच्या तुटपुंज्या मेमरीत बसवायचा आणि माणसाला थांबावं न लागता रंगवायचा! ॲटकिन्सन यांनी जिवाचं रान करून ते जमवलं. त्याच सुमारास त्यांची गाडी उभ्या ट्रकवर आदळली आणि ते बेशुद्ध पडले. जॉब्स भेटायला आले तेव्हा ॲटकिन्सन यांनी सांगितलं, काळजी करू नका, ते गणित अजून माझ्या डोक्यात आहे.

आणि पार्कच्या यंत्रात तसं काही नव्हतंच! तिथं झाकलेली चौकट वर आणल्याशिवाय नव्यानं रंगत नसे. हे ॲटकिन्सन यांना मागाहून कळलं. जे अस्तित्वातच नव्हतं त्याची नक्कल करायला गेलेल्या माणसाच्या हातून नवी गोष्ट घडली होती.

माऊसचंही तसंच. पार्कच्या माऊसला तीन बटणं होती आणि किंमत काही शे डॉलर. ॲपलनं एका बटणाचा, स्वस्त, घरच्या टेबलावर टिकेल असा माऊस करून घेतला. हे शक्य झालं याचं कारण मला असं दिसतं, की ॲपलच्या हाती कोडची एक ओळही नव्हती. डोळ्यांना दिसलं तेवढंच भांडवल, बाकी सगळं स्वतः करणं भाग होतं. शिवाय तयार गिऱ्हाईकही नव्हतं. माणसाला त्या पडद्यापर्यंत आणायचं तर वस्तू खरोखर चांगली असावी लागणार होती. पुढं तसाच पडदा घेऊन मायक्रोसॉफ्टचं विंडोज आलं, ॲपलनं १९८८ मध्ये नकलेबद्दल मायक्रोसॉफ्टवर दावा लावला आणि तो हरली. त्या निकालात मला काही गैर वाटत नाही.

आता दुसरा प्रसंग. स्नॅपचॅट हे ॲप २०११ मध्ये स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांनी सुरू केलं. पाठवलेला फोटो पाहून झाला की नाहीसा होतो. फेसबुकनं २०१२ च्या डिसेंबरात ‘पोक’ नावाचं तसंच वेगळं ॲप काढलं. लोकांमध्ये ते टिकलं नाही, दीड वर्षानं ते गुंडाळावं लागलं. दरम्यान, ऑक्टोबर २०१३ मध्ये स्नॅपचॅटनं ‘स्टोरीज’ आणल्या. दिवसभरातले क्षण घडले त्याच क्रमानं ओवायचे आणि चोवीस तासांत पुसून टाकायचे. सोशल मीडियावरचा प्रत्येक फोटो कायमचा राहतो, म्हणून पोरं फोटो टाकायला बिचकतात, हे त्यामागचं खरं निरीक्षण होतं. ते मला फार मोलाचं वाटतं.

२ ऑगस्ट २०१६ रोजी हेच, याच नावानं, फेसबुकच्याच मालकीच्या इन्स्टाग्रामवर आलं. इन्स्टाग्रामचे एक संस्थापक केविन सिस्ट्रॉम यांनी श्रेय स्नॅपचॅटचंच असल्याचं उघडपणे मान्य केलं. त्यांनी थोडी भरही घातली. बोट दाबून धरलं की चित्र थांबे. तरी ‘पोक’ पडलं आणि हे चाललं ते त्या भरीमुळे, असं मी मानत नाही. या वेळी नक्कल कोट्यवधी लोक रोज उघडत असलेल्या ॲपच्या अगदी वरच्या पट्टीत आणून ठेवली होती. गिऱ्हाईक आधीच दुकानात उभं होतं. एप्रिल २०१७ पर्यंत इन्स्टाग्राम स्टोरीज रोज वीस कोटी लोक वापरू लागले आणि स्नॅपचॅट मागं पडलं.

हे अपघातानं झालं नाही. अमेरिकी संसदेच्या समितीनं जुलै २०२० मध्ये फेसबुकचे प्रमुख मार्क झुकरबर्ग यांचे २०१२ चे ईमेल उघड केले. नव्या कंपन्यांच्या क्लृप्त्या आपण आपल्या प्रचंड पसाऱ्यात आधीच बसवल्या, की त्या कंपन्यांना फारसा वाव उरत नाही, असा हिशेब त्यांत मांडलेला आहे. मला राग येतो तो या हिशेबाचा. इथं नकलेला कष्ट पडत नाहीत, म्हणून तिच्यातून नवं काही निघण्याची गरजही उरत नाही.

याची झळ आपल्यापर्यंत आली आहे. २९ जून २०२० ला भारतात टिकटॉक या छोट्या व्हिडिओंच्या ॲपवर बंदी आली. बंदीची कारणं वेगळी होती, त्यात मी शिरत नाही. आठवडा-दीड आठवड्यात इन्स्टाग्रामवर ‘रील्स’ आल्या. आपल्याकडे गावोगावी शेताच्या बांधावर, एसटी स्टँडवर व्हिडिओ करणाऱ्या पोरापोरींनी टिकटॉकवर जमवलेला प्रेक्षक सोबत नेण्याची कसलीच सोय नव्हती. नव्या ठिकाणी प्रत्येकाची सुरुवात शून्यापासून. ज्या कंपनीनं टिकटॉकचा साचा उचलला तिच्याकडे मात्र पहिल्याच दिवशी तयार प्रेक्षक होता.

म्हणून नकलेवर बंदी घाला, अशी मागणी मी करणार नाही. तशी बंदी असती तर ॲटकिन्सनही अडले असते. माझी मागणी गर्दीवरच्या मक्तेदारीविषयी आहे. युरोपीय संघाच्या कायद्यानं व्हॉट्सॲपला इतर मेसेजिंग ॲपसाठी दार उघडायला भाग पाडलं आहे. आपल्याकडे डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा मार्च २०२४ मध्ये जाहीर झाला. त्यावर बोलताना आपण एवढं तरी मागावं, की माणूस एका ॲपवरून दुसऱ्यावर गेला तर त्याची ओळखपाळख, त्याचे फॉलोअर त्याच्याबरोबर जावेत. मग मोठ्या कंपनीनं खुशाल नक्कल करावी. तिलाही माणसं टिकवायला राबावं लागेल.