पठारावरची खाज आणि तिची कारणे

खाज सुटली की ‘रक्त बिघडलं’ हे निदान घरातच होऊन जाते. प्रत्यक्षात आणे पठारावर आढळणाऱ्या बहुतेक त्वचाविकारांची कारणे अंथरुणात, शेतात आणि मेडिकलच्या काउंटरवर सापडतात.

खरूज सूक्ष्म किडीमुळे होते. मादी कातडीच्या वरच्या थरात बीळ करून अंडी घालते. खाज रात्री वाढते आणि बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, कमरेभोवती जास्त असते. पहिल्यांदा लागण झाल्यावर ती सुरू व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर एका अंथरुणातल्या साऱ्यांना कीड लागलेली असते. म्हणून एकट्या पोराला मलम लावून भागत नाही. घरातल्या सर्वांनी, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे, एकाच रात्री ते मानेपासून पायांपर्यंत लावायचे असते. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या घराला सगळ्या गोधड्या उकळणे परवडत नाही. अंगापासून दूर ही कीड दोन-तीन दिवसांत मरते. आठवडाभर पिशवीत बांधून ठेवलेली गोधडीही पुरेशी निर्धोक होते.

गजकर्ण बुरशीचे. घामेजलेली जांघ, घट्ट कपडे आणि सामाईक टॉवेल तिला मानवतात. सल्ल्याशिवाय आणलेल्या ट्यूबमध्ये अनेकदा स्टिरॉइड असते. खाज दोन दिवसांत थांबते, बुरशी मात्र पसरत राहते. चट्ट्याची ओळखीची लाल कड पुसट होते, कातडी पातळ होते. केंद्र सरकारने 2018 मध्ये अशी 14 स्टिरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीच्या यादीत घातली. तोवर बरेच नुकसान होऊन गेले होते. 2020 मध्ये ‘ट्रायकोफायटॉन इंडोटिनिए’ हे नाव मिळालेली बुरशी टर्बिनाफिन या बुरशीनाशकाला अनेकदा दाद देत नाही, आणि उपचार लांबतात.

वांगे, आंबट, तिखट यांच्यावर आळ घेण्याची रीत जुनी आहे. रंगदासस्वामींच्या यात्रेतल्या आमटी-भाकरीसाठी ओळखल्या जाणाऱ्या आणे गावात तरी त्यांची बाजू कोणीतरी घ्यायलाच हवी: खरूज आणि गजकर्ण खाण्याने होत नाहीत.

खरा संशय बांधावरच्या गाजरगवतावर घ्यावा. भारतात ते 1950 च्या दशकात पुण्यात नजरेस आले. त्यातल्या पार्थेनिनची ॲलर्जी वर्षानुवर्षांच्या संपर्कानंतरही उद्भवते. वाळलेल्या गवताची धूळ उडाली की पापण्या, मान आणि कोपराच्या घड्या आधी लाल होतात.

पांढऱ्या डागाची भीती मात्र वेगळ्या जातीची आहे. कोडात शरीराचीच प्रतिकारशक्ती रंगपेशी नष्ट करते. डाग पांढराशुभ्र असतो, त्यावर स्पर्श कळतो आणि कोड कोणालाही लागत नाही. कुष्ठरोगाचा चट्टा फिकट किंवा लालसर असतो आणि तिथे स्पर्श कळेनासा होतो. त्यावरची बहुविध औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. प्रकारानुसार सहा किंवा बारा महिने ती न चुकता घ्यावी लागतात.