पीप साइट : छिद्र, माशी आणि नेम



आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी घातली, आणि ती हवीच. अमेरिकेत मात्र परवाना काढून हरणाची शिकार करतात, आणि दुर्बीण न लावता पीप साइटने, म्हणजे मागच्या बारीक छिद्रातून बघून, नेम धरणारे शिकारी तिथे आजही आहेत. विल्यम लायमन यांनी १८७९ मध्ये तिथेच अशा साइटचं पेटंट घेतलं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकचं कांस्यपदक जिंकलं, त्या रायफलीवरही हेच तत्त्व होतं.

साध्या साइटमध्ये मागची खाच, नळीच्या टोकावरची माशी आणि लक्ष्य या तिन्हींवर डोळ्याला एकाच वेळी नजर ठेवावी लागते. तिन्ही एकदम स्पष्ट दिसत नाहीत. चाळिशीनंतर तर खाच आधी धूसर होते. पीप साइटमध्ये खाचेच्या जागी छिद्र असतं. त्याच्याकडे बघायचं नाही, त्यातून बघायचं. माशी मध्यावर आणण्याचं काम डोळा आपणहून करतो. छिद्र लहान असलं की माशी आणि लक्ष्य दोन्ही अधिक स्पष्ट दिसतात.

मग छिद्र केवढं घ्यावं? स्पर्धेतला नेमबाज साधारण एक मिलिमीटरचं वापरतो, कारण त्याचं लक्ष्य भरपूर उजेडात आणि स्थिर असतं. हरीण दिसतं ते पहाटे किंवा तिन्हीसांजेला, दाट झाडीत. तिथे एवढ्याशा छिद्रातून काळोखच दिसेल. म्हणून शिकारीसाठी सुमारे तीन मिलिमीटरचं किंवा त्याहून मोठं छिद्र आणि पातळ कडा घ्यावी. माशी चौकोनी, सपाट तोंडाची बरी. गोल, चकाकत्या माशीवर एका बाजूने ऊन पडलं की तेवढीच बाजू उठून दिसते आणि नेम सरकतो. रायफलीचा धक्का जबर असेल तर साइट डोळ्याच्या फार जवळ बसवू नये, भुवई फुटते.

गोळी जिकडे न्यायची तिकडेच मागची साइट सरकवावी. माशी सरकवायची तर उलट दिशेला. साइट आणि माशी यांत ६०० मिलिमीटर अंतर असेल आणि १०० मीटरवर गोळी १० सेंटिमीटर बाजूला लागत असेल, तर मागची साइट फक्त ०.६ मिलिमीटर सरकवावी लागते. पण स्क्रू ढिला होऊन ती आपोआप तेवढी सरकली, तरी गोळी तेवढीच चुकते.

निगा राखायची ती यासाठीच. काम सुरू करण्याआधी रायफल रिकामी आहे ना, हे डोळ्यांनी पाहावं आणि बोटानेही चाचपावं. स्क्रूचे आटे तेल पुसून कोरडे करावेत, आटे घट्ट धरणारा द्रव लावून स्क्रू बसवावेत. नेम जुळला की साइट आणि तिच्या बैठकीवर मिळून एक बारीक रेघ ओढावी. पुढे काही सरकलं तर ती रेघ तुटलेली दिसते. पावसात छिद्रात थेंब अडकतो, तो फुंकून काढावा. बाहेरून गंज चढू नये म्हणून तेलाचा हात फिरवावा, पण छिद्रात तेल राहू देऊ नये. रायफल पडली किंवा आपटली, तर पुन्हा चाचणीच्या गोळ्या झाडल्याशिवाय रानात जाऊ नये.

एवढी काळजी घेऊनही साइट अंतर वाढवून देत नाही. चुकलेली गोळी पुठ्ठ्याला लागली तर गुण जातात. जनावराला लागली तर ते जखमी होऊन तडफडत राहतं. म्हणून सरावात ज्या अंतरावर प्रत्येक गोळी जागेवर लागते, त्यापलीकडे आणि माशी स्पष्ट दिसत नसताना शिकाऱ्याने घोडा ओढू नये.