देवाचा डाव आणि आपला डाव
(शताब्दी सोहळ्यात केलेलं निरूपण)



दिंडीला शंभर वर्षं झाली. त्यानिमित्त दोन शब्द बोला, अशी विणेकऱ्यांची आज्ञा झाली. आम्ही आज देवाच्या खेळावर बोलणार आहोत.

घृष्णेश्वराच्या दर्शनाला आपल्यातली पुष्कळ मंडळी वेरूळला जातात. लेणी तिथून जवळच. कैलास लेणं पाहायचं आणि माघारी फिरायचं, असा रिवाज. पुढच्या खेपेला १४ नंबरच्या लेण्यातही जावं. त्याला ‘रावण की खाई’ म्हणतात. तिथं एका भिंतीवर वराह आणि लक्ष्मी, तर समोरच्या भिंतीवर शंकराचा परिवार आहे. त्या भिंतीवर देवी महिषासुराला मारते आहे. शेजारी शिव-पार्वती सारीपाट खेळत बसलेत. त्याच्या शेजारी तांडव चाललंय. युद्ध, खेळ आणि नाच एकाच रांगेत! खेळाच्या शिल्पात गणपती जवळ उभा, भृंगी मागून डाव बघतोय, खाली नंदी आणि लहान लहान गण. हाच डाव २१ नंबरच्या लेण्यातही कोरलाय.

आता पाडव्याला पारावर पत्त्यांचा डाव बसतो, पैसे लागतात, आणि कुणीतरी म्हणतोच, “अहो, देवसुद्धा खेळला! मग आम्ही खेळलो तर काय बिघडलं?”

बिघडतं काय, ते कथेतच आहे. श्रीधरस्वामींच्या शिवलीलामृतात ती आपण ऐकली आहे. महादेव डाव हरत गेले. होतं नव्हतं ते पार्वतीनं जिंकलं. महादेव रुसून वनात निघून गेले. मग आईसाहेबांनी काय केलं? जिंकलेलं घेऊन गप्प बसल्या का? नाही. भिल्लिणीचं रूप घेऊन त्या रानात गेल्या आणि देवाला घेऊन आल्या. जिंकणारीच हरलेल्याला शोधायला निघाली!

पारावरच्या डावात असं कधी झालंय का? बियाण्याचे पैसे हरून एखादा अंधारात घरी जातो, तेव्हा जिंकलेला त्याच्या मागं जातो का? तो पुढचा पत्ता पिसतो. हरलेल्याच्या घरात त्या रात्री चूल पेटली की नाही, हे कुणी विचारत नाही. म्हणून देवाचं नाव सांगून त्या डावाला बसू नये.

आणि देवाच्या डावात हरणार कोण, जिंकणार कोण? ज्ञानोबामाऊलींनी अमृतानुभवाच्या आरंभीच शिव-शक्तीला नमन केलंय. ती दोन दिसतात, पण आहेत एकच. एका घरातलं या हातातून त्या हातात गेलं, एवढाच तो खेळ. त्याला काही मिळवायचं नाही, म्हणून त्याचं नाव लीला. दगडात कोरलाय तो हा आनंद.

आपल्या वारीतले खेळ त्याच जातीचे आहेत, माऊली. तुकोबारायांच्या गाथेत विटीदांडू आहे, हमामा आहे, फुगडी आहे. फुगडीत कोण जिंकतं? एकानं हात सोडला तर दोघंही पडतात. रिंगणात अश्व धावतो, तेव्हा आपण त्याच्या टापांखालची माती कपाळी लावतो. पैज लावत नाही. पावली खेळताना म्हातारं माणूस मागं पडलं तर पोरं पाय आवरतात.

शंभर वर्षं आपल्या दिंडीनं हेच जपलं. पुढच्या पिढीला आम्ही एवढंच सांगू : खेळा, खूप खेळा. पण ज्या खेळात हरलेल्याला हात धरून परत आणता येत नाही, तो खेळ आपला नव्हे.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल! श्री ज्ञानदेव तुकाराम!